बी साइडचं शेवटचं गाणं

तोंडात डॉक्टरांची दोन बोटं, एक नळी आणि एक छोटा आरसा असताना माणसाला उठून चालू लागता येत नाही. पुढचं सगळं रामायण घडलं ते एवढ्या एका कारणामुळे. एरवी त्या गाण्याची शीळ नुसती कानावर पडायचा अवकाश, रफूबाई जिथे असतील तिथून उठायच्या. बसमध्ये असल्या तर पुढच्याच थांब्यावर उतरायच्या आणि उरलेली वाट पायी तुडवायच्या. शेजारच्या दुकानात वाजलं तर भर उन्हाळ्यात आपल्या दुकानाचं दार लावून घ्यायच्या आणि आत घामाघूम होत सुई चालवायच्या. घरी त्यांचा नवरा रेडिओ ऐकताना एक हात बटणावर ठेवूनच बसायचा. एकतीस वर्षं हा नेम चालला होता, आणि बाईंना त्याचा थोडा तोराही होता.

पण त्या दिवशी डावी दाढ उघडी होती, अर्धा जबडा बधिर होता, आणि खिडकीतल्या रेडिओवर शीळ सुरू झाली.

"अं! अं!" बाईंनी हात हलवले.

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"अं!"

"थांबा हं," असं म्हणून त्या भल्या माणसाने आणखी एक इंजेक्शन दिलं, आणि होती नव्हती ती जीभही कामातून गेली.

मग गाणं ऐकावंच लागलं. ते ठाऊक नाही असा माणूस त्या गावात सापडला नसता. आधी शीळ, मग गिटार, मग ती गायिका, जिचा आवाज कायम नुकतीच रडून उठल्यासारखा:

उचल छत्री, घाल चपला, मोकळी आहे वाट,
कोण अडतंय तुझ्यावाचून, माझीही मान ताठ.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनीही त्यातला शब्द न् शब्द तसाच झोंबला. दुसरं कडवं आलं: दार लावलंय, कडी घातलीय, तुझी खुर्ची अडगळीत टाकलीय. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. झालं, आता आवाज हळूहळू उतरेल आणि सुटका होईल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. गाणं तिथेच संपतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

गाणं संपलं नाही. वाद्यं क्षणभर थांबली, आणि नुसत्या गिटारवर ती गायिका अगदी खालच्या आवाजात गायला लागली. मास्कच्या आतून डॉक्टरही तिच्याबरोबर गायला लागले:

छत्री तुझी राहिली इथे, दाराशी ती उभी आहे,
न्यायला तरी ये एकदा, चूक माझी, मी उभी आहे.

रफूबाई ताडकन उठून बसल्या. नळी एकीकडे, आरसा दुसरीकडे.

"हे कलवं कुथून आलं?"

"काय?"

"कलवं! तिसलं!"

"तिसरं कडवं?" डॉक्टरांनी मास्क खाली केला. "अहो, तेच तर गाणं आहे! लोक ऐकतात ते ह्या कडव्यासाठी. पहिली दोन काय, नुसती भांडाभांडी."

बाई पुन्हा आडव्या झाल्या त्या डॉक्टरांनी खांद्याला धरून आडवं केलं म्हणून. त्यानंतर दाढेत काय चाललं आहे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आता एका गाण्यावर एवढा राग कसला, ते सांगायला हवं.

रफूबाई तेव्हा बाई नव्हत्या, चिमी होत्या. चिमी म्हणायची ती त्यांची ताई, कारण म्हणायला घरात दुसरं कुणी नव्हतंच. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा चिमी सात वर्षांची होती आणि ताई एकोणीस. ताईने कॉलेज सोडलं, एका शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली, आणि चिमीची वेणी घालण्यापासून गणितं घेण्यापर्यंत सगळं तिने एकटीने केलं. स्वतःची हौसमौज खुंटीला टांगली. तिला एकच गोष्ट हवी होती, चिमीने शिक्षिका व्हावं. चिमी ट्रेनिंग कॉलेजात जायलाही लागली. पहिल्या दिवशी ताईने तिला लाकडी मुठीची काळी छत्री घेऊन दिली, कारण उन्हाने चिमीचं डोकं चढायचं.

आणि कोर्स संपायला अवघे तीन महिने उरलेले असताना चिमीने जाहीर केलं, की कॉलेजच्या रस्त्यावरच्या बसचा जो ड्रायव्हर आहे त्याची दुसऱ्या गावी बदली झाली आहे, आणि आपण त्याच्याशी लग्न करून त्याच्याबरोबर जाणार. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येईल! ते पुढचं वर्ष अजून उजाडायचं आहे. शाळा सुटायच्या वेळी रस्त्याने जाताना आजही बाईंची मान आपोआप दुसरीकडे वळते, पण तो विषय त्यांच्यापाशी कुणी काढत नाही.

शब्दाने शब्द वाढला. "ज्याला स्टिअरिंगपलीकडे जग नाही त्याच्यामागे चाललीस?" ताई म्हणाली. चिमी तरी कुठे ऐकून घेणारी होती? "तुझं लग्न झालं नाही म्हणून माझंही होऊ द्यायचं नाही का?" हे वाक्य तोंडातून जाता जाताच तिला कळलं होतं की हे बोलायला नको होतं. ताई पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "गेलीस तर पुन्हा ह्या दारात पाऊल टाकू नकोस." चिमी पाय आपटत निघाली, आणि त्या गडबडीत छत्री दाराशीच राहिली.

महिन्याभराने मावसभावाच्या हातून एक कॅसेट आली. चिठ्ठी ना चपाटी, नुसती कॅसेट. त्या काळी कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. आपण आवडीच्या गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार त्याच्याकडच्या तबकड्यांवरून ती एकामागून एक कोऱ्या कॅसेटवर उतरवायचा, ए साइडला तीस मिनिटं आणि बी साइडला तीस, आणि डबीतल्या कागदावर यादी लिहून द्यायचा. ताईने पाठवलेल्या कॅसेटवर बारा गाणी होती. त्यातली अकरा त्या दोघींची, वेणी घालताना आणि भांडी पुसताना म्हटलेली. ती ऐकता ऐकता चिमी हमसून हमसून रडली, आणि ताईकडे जाणारी बस किती वाजता सुटते ते तिने रडता रडताच नवऱ्याला विचारलं. आणि मग बी साइडचं शेवटचं गाणं लागलं. ते त्याच महिन्यात बाजारात आलेलं होतं, चिमीने कधी ऐकलेलं नव्हतं. उचल छत्री, घाल चपला. कोण अडतंय तुझ्यावाचून. दार लावलंय, कडी घातलीय. एवढं झाल्यावर आवाज विरत विरत गेला आणि पुढे नुसती टेपची खरखर उरली.

अकरा गाण्यांनी जवळ घ्यायचं आणि बाराव्याने कानाखाली वाजवायची! वर छत्रीचा टोमणा! चिमीने डोळे पुसले, बसची चौकशी बंद केली, आणि त्या गाण्याच्या नावाने कानाला खडा लावला. पुढे ती रफूचं काम शिकली, तीन हात रुंदीचं दुकान घेतलं, चिमीची रफूबाई झाली. तिला मुलगी झाली, ती मोठी होऊन नोकरीलाही लागली, पण मावशी कशी दिसते हे त्या मुलीला माहीत नाही. ताईकडूनही कधी ओळ आली नाही. येईल कशी, तिला जे म्हणायचं होतं ते तिने गाण्यात म्हटलंच होतं की, असं बाई इतकी वर्षं धरून बसल्या होत्या.

आणि आता म्हणे तिसरं कडवं!

"अहो, तुमचा टेपरेकॉर्डर काढा," घरात पाय टाकताच बाई म्हणाल्या. जीभ आता पुष्कळशी ताळ्यावर आली होती.

नवरा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण अजून त्याला हुकूम मिळाला की तो गाडी काढल्यासारखा लगेच उठायचा. "कुठलं गाणं लावू?" त्याने विचारलं. बाईंनी बटणांच्या डब्याच्या तळातून ती कॅसेट काढून त्याच्या हातात दिली, तेव्हा मात्र तो चमकला. "ही अजून आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं तिचं तोंड पाहायचं नव्हतं तर फेकून का दिली नाही, असं विचारण्याची त्याची छाती झाली नाही.

बी साइड शेवटपर्यंत पुढे नेली. शीळ, गिटार, पहिलं कडवं, दुसरं कडवं. मग आवाज मऊपणे खाली खाली गेला आणि ऐकू येईनासा झाला.

"किती सफाईने उतरवलाय आवाज," नवरा म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"सफाई!" बाई कडाडल्या. "हात की सफाई म्हणा! अहो, इथे आख्खं कडवं आहे. तिने माफी मागितलीय त्यात. तिने मला ये म्हटलंय!" त्यांनी डबीतला कागद कामाच्या भिंगाखाली धरला. बाराव्या गाण्यापुढे लाल शाईचा बारीक ठिपका होता. बाकी अकरांपुढे काही नव्हतं. इतकी वर्षं त्यांना तो शाईचा डाग वाटला होता. कागदाच्या मागे दुकानाचा शिक्का होता, ताईच्या गावचा.

मावसभावाला फोन झाला. दुकान आहे, म्हणाला, आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. पण म्हातारे टेपमास्तर अजून दिवसभर गल्ल्यामागे बसून असतात.

"उद्या पहिल्या बसने जाते," बाईंनी फोन आपटला.

"ताईकडे?" नवऱ्याचा चेहरा उजळला.

"ताईकडे कशाला? त्या टेपवाल्याकडे! त्याला बघतेच."

"अगं, पण त्याच गावात..."

"गाव त्याचंही आहे."

"मी येऊ सोबत?"

"मुळीच नको. तुम्ही मधे पडून समजूत घालाल."

चार तास बसमध्ये बाईंनी काय काय बोलायचं त्याची मनातल्या मनात उजळणी केली. दर वळणावर वाक्यं धारदार होत गेली. अधूनमधून ताईचा चेहरा समोर यायचा, तो त्या बाजूला सारायच्या आणि पुन्हा टेपमास्तरकडे वळायच्या.

दुकानात भिंतभर कव्हरं लटकत होती. टेपमास्तर एका कोपऱ्यात उंच स्टुलावर बसले होते, सत्तरी केव्हाच ओलांडलेले, शर्टाला इस्त्री कडक. बाईंनी नमस्कार चमत्कार काही न करता कॅसेट त्यांच्यापुढे ठेवली.

"ही तुमची?"

मास्तरांनी ती दोन्ही हातांनी उचलली. कागद उलगडून पाहिला आणि तोंडभर हसले. "माझंच अक्षर! वा. किती वर्षांनी आपलं काम बघायला मिळालं. अजून वाजते ना?"

"वाजते. हा ठिपका कसला?"

"हा होय? हा उतरवल्याचा."

"म्हणजे?"

मास्तर सरसावून बसले. बऱ्याच वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. "असं बघा बाई. साइडला तीस मिनिटं. लोक यादी द्यायचे एकतीसची, बत्तीसची. एकही गाणं सोडायला कुणी तयार नसायचं. मग बाकीचे दुकानदार काय करायचे? टेप संपली की गाणं कडकन तुटायचं. गायिकेचं तोंड उघडं आणि आवाज गायब! मी उभ्या आयुष्यात एक गाणं तुटू दिलं नाही. टेप किती उरली ते बघायचो, कडवं जिथे संपतं तिथे बटणावर बोट ठेवायचो आणि आवाज असा अलगद खाली न्यायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं इथेच संपतं. आणि आपल्या खुणेला लाल ठिपका."

"आणि गिऱ्हाइकाला सांगायचं नाही?"

"सांगायचो की. शेवटी थोडं कमी बसेल, म्हणायचो."

"थोडं?" बाईंचा आवाज असा चढला की कव्हरं बघणारी दोन माणसं दाराकडे सरकली. "आख्खं कडवं गिळलंत तुम्ही! कुठलं गिळलंत ते तरी बघायचं! अहो, तीन कडव्यांचं गाणं. पहिल्या दोनांत ती बाई त्याला हाकलते, तिसऱ्यात परत बोलावते. माझ्या बहिणीने मला बोलवायला पाठवलं होतं हे गाणं. तुम्ही हाकलण्यापर्यंत वाजवलंत आणि दिवा मालवावा तसा आवाज मालवलात. एकतीस वर्षं मी बहिणीचं तोंड पाहिलं नाही. एकतीस!"

मास्तरांचं हसू मावळलं, पण माघार घेणारा माणूस नव्हता तो. "बाई, तुम्ही काय काम करता?"

"रफू करते."

"मग तुम्हाला कळायला हवं. तुम्हीही तेच करता. तुटलेलं दिसू नये म्हणून..."

"खबरदार!" बाईंनी गल्ल्यावर हात आपटला. "मी फाटलेलं जोडते, मास्तर. त्याच कापडाच्या दुमडीतला धागा काढते आणि एकेक करून विणते, डोळे फुटायची पाळी येते. तुम्ही धड होतं ते कापलंत आणि वर कापलेलं दिसू दिलं नाहीत. दिसलं असतं तर मला कळलं असतं ना, की पुढे काहीतरी होतं! कडकन तुटलं असतं तर मी म्हटलं असतं, अरे, गाणं राहिलं. तुमच्या त्या सफाईने घात केला."

मास्तरांनी कागदाची घडी घालून तो डबीत ठेवला. मग हळूच म्हणाले, "रागावू नका, पण एक विचारतो. हे गाणं इतकी वर्षं गल्लीबोळात वाजतंय. तुम्ही एकदाही पुरतं ऐकलं नाहीत?"

बाईंना ते सगळे थांबे आठवले जिथे त्या उतरल्या होत्या. ते बंद केलेलं दार आठवलं. नवऱ्याचा बटणावरचा हात आठवला. त्यातल्या एकाही दिवशी आणखी दोन मिनिटं त्या बसून राहिल्या असत्या तर? दोन मिनिटं! त्यांचा राग इकडेतिकडे फिरून त्यांच्याच अंगावर आला, आणि तो परतवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

"ते माझं मी बघीन," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तुमची बहीण म्हणजे चष्मा लावायच्या त्या? शाळेत होत्या? बोटांना टाइपरायटरची शाई?"

"तुम्हाला कशी आठवते?"

"त्यांचा मला राग आला होता, म्हणून आठवतात." मास्तरांनी चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला. "कॅसेट नेल्यावर दीड-दोन महिन्यांनी परत आल्या. म्हणाल्या, कॅसेटमध्ये काही बिघाड तर नसेल ना, सगळी गाणी नीट लागली असतील ना, पाठवली आहे पण तिकडून काहीच उत्तर नाही. मी म्हटलं, माझ्या कॅसेटमध्ये बिघाड निघत नाही. गेल्या. आठवड्याने पुन्हा आल्या, तेच विचारायला. मग मात्र माझं डोकं फिरलं. चारचौघांत म्हटलं, बाई, माझं काम चोख आहे, तुमच्या माणसालाच उत्तर द्यायचं नसेल तर त्याला मी काय करू?"

बाईंनी गल्ल्यावरचा हात मागे घेतला.

"ह्या ठिपक्याची मला आठवणही झाली नाही," मास्तर म्हणाले. "चुकलं माझं."

चार तासांचा प्रवास करून बाई हेच ऐकायला आल्या होत्या, आणि ऐकल्यावर त्यांना त्याचा काडीचा उपयोग वाटेना. मास्तर म्हणत होते की घरी तबकडी आहे, यंत्र आहे, पुरतं गाणं पुन्हा भरून देतो. बाईंनी कॅसेट उचलून पर्समध्ये टाकली. "आता राहू द्या," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

बसस्टँड डावीकडे होता. बाई उजवीकडे वळल्या. त्या गावातले रस्ते रुंद झाले होते, कोपऱ्यावरचं पीठ दळायचं दुकान जाऊन तिथे बँक आली होती, पण पायांना काही विचारावं लागलं नाही. ताई दोनदा त्या दुकानाची पायरी चढली होती. कुणापुढे कधी न वाकलेली ताई, चारचौघांत बोलणं खाऊन परत ह्याच रस्त्याने गेली होती. बाईंना भर रस्त्यात रडू फुटलं आणि रडू फुटलं याचाही राग आला.

दार ताईनेच उघडलं. केस सगळे पांढरे, गुडघ्याला पट्टा, पण नजर तीच. तिने बाईंना ओळखलं. मग तिची मान ताठ झाली.

"आज वाट चुकलीस?"

"ताई..."

"काय ताई! कॅसेट पोचली होती ना? हातात दिली म्हणाला तो. धड होती म्हणे, मी विचारून आले दुकानात. दोन वेळा गेले! अगं, तोंडाने जमत नव्हतं म्हणून गाण्यातून चूक कबूल केली मी, लाज सोडून. दगडाला पाझर फुटला असता ते ऐकून. आणि तू? एकतीस वर्षांत ब्र काढला नाहीस. मेले असते तर आली असतीस का बघायला?"

"ताई, गाणं अर्धंच होतं."

"काय अर्धं?"

"तिसरं कडवं नव्हतंच त्यावर. टेप पुरली नाही म्हणून त्या मास्तरांनी आवाज उतरवला. मला काल कळलं. दातांच्या डॉक्टरकडे."

ताईच्या चेहऱ्यावरचा राग क्षणभर तसाच राहिला. मग ती मनातल्या मनात गाणं म्हणू लागली असावी, कारण तिचे ओठ हलले. "म्हणजे तू... कडी घातलीय, तिथवर ऐकलंस?"

"खुर्ची अडगळीत टाकलीय, तिथवर."

"अगं बाई गं," ताई म्हणाली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. पण बसल्या बसल्याच ती उसळली. "मग विचारायचं नाहीस? असलं कसलं गाणं पाठवलंस म्हणून भांडायला तरी यायचंस!"

"आणि तू दोन ओळी लिहायच्या नाहीस? टायपिस्ट ना तू? दिवसभर जगाची पत्रं बडवत होतीस!"

"माझ्यावर ओरडू नकोस."

"ओरडणार! आणि ऐक, मला एक बोलायचंय. ते गाण्यात नाही, ते मलाच बोलायला हवं." "तुझ्या लग्नावरून मी बोलले ते. ते फार वाईट बोलले. तू माझ्यासाठी राहिलीस आणि मी तेच तुझ्या तोंडावर मारलं. चुकलं माझं, ताई."

ताईने दुसरीकडे पाहिलं. पदराने चष्मा पुसला, जो स्वच्छच होता. "आत ये," ती म्हणाली. "दारात तमाशा नको."

बाई आत आल्या, आणि चपला काढताना त्यांना कोपऱ्यात ती दिसली. काळी छत्री, लाकडी मुठीची. मुठीवरचं पॉलिश हात लागून लागून गेलं होतं.

"कापड तीनदा बदललं," ताई म्हणाली. "मूठ तीच आहे. तुझी म्हणून ठेवली होती. मग उन्हात जायची वेळ आली की मीच घ्यायचे. किती दिवस नुसती उभी ठेवणार?"

बाईंनी हात पुढे केला.

"ठेव ती."

"माझी आहे."

"असेल. देणार नाही." ताईचा आवाज पुन्हा चढला. "गाणं एकतीस वर्षांपूर्वीचं होतं, तेव्हा न्यायला आली असतीस तर दिली असती. आता नाही. छत्री हातात पडली की तुला इथे यायला काही कारण उरणार नाही. मी काय ओळखत नाही तुला?"

बाईंनी तरीही छत्री उचलली आणि खिडकीजवळ नेऊन उघडली. सवयीने त्यांची नजर आधी कापडावर गेली. दोन काड्यांच्या मधे बोटभर जागा विरली होती, उजेड आरपार येत होता. त्यांनी पर्समधून सुयांची डबी काढली.

"इथे गेलंय कापड," त्या नाक ओढत म्हणाल्या. "आणखी चार दिवस वापरलंस तर फाटेल. रफू करायला हवं."

"मग कर," ताई म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. तिने खिडकीपाशी खुर्ची ओढून दिली. "इथेच बसून कर. आणि घाई करू नकोस."